विश्लेषण : ‘एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला’... ‘नाटो’च्या पाचव्या कलमात नेमके काय आहे?

९ सप्टेंबर २०२५ ची रात्र आणि १० सप्टेंबरची पहाट यांदरम्यान सुमारे वीस रशियन ड्रोन पोलंडच्या हवाई हद्दीत शिरली. पोलंडची एफ-१६ आणि नेदरलँड्सची एफ-३५ लढाऊ विमाने आकाशात झेपावली आणि काही ड्रोन पाडण्यात आली. पोलंडला लक्ष्य करण्याचा आपला हेतू नव्हता, असे रशियाने सांगितले. त्यानंतर नऊ दिवसांनी रशियाची तीन मिग-३१ विमाने आपल्या हद्दीत सुमारे १२ मिनिटे होती, असा आरोप एस्टोनियाने केला. रशियाने तो फेटाळला. पोलंड आणि एस्टोनिया हे दोन्ही ‘नाटो’चे सदस्य. दोघांनीही लगोलग नाटोचे दार ठोठावले, पण ते कलम ४ खाली. हे कलम फक्त सल्लामसलतीचे आहे. ‘एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर हल्ला’ हे गाजलेले वचन ज्या पाचव्या कलमात आहे, त्याला दोघांनीही हात लावला नाही. असे का? त्या कलमात नेमके काय लिहिले आहे? ते पाळले जाईल, ही खात्री इतकी वर्षे कशाच्या बळावर टिकली आणि आता ती का डळमळते आहे?

पाचव्या कलमात काय लिहिले आहे?

नाटो करारावर ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये १२ देशांनी सह्या केल्या. हा करार अवघ्या १४ कलमांचा आहे. पाचवे कलम सांगते, की युरोपात किंवा उत्तर अमेरिकेत एका वा अधिक सदस्यांवर सशस्त्र हल्ला झाला, तर तो सर्वांवरील हल्ला मानला जाईल. बहुतेकांना एवढेच ठाऊक असते. खरी मेख पुढच्या वाक्यात आहे. हल्ला झाल्यास प्रत्येक सदस्य आपल्याला ‘आवश्यक वाटेल’ ती कृती करून मदत करील आणि त्यात सशस्त्र बळाचा वापरही येऊ शकतो, असे हे वाक्य म्हणते. म्हणजे कोणते पाऊल आवश्यक आहे, हे ज्याने त्याने ठरवायचे. सैन्य पाठवणे ही मदत आहे, तशीच दारूगोळा पाठवणे हीसुद्धा मदतच आहे.

ही सैल शब्दरचना हेतुपूर्वक केलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पश्चिम युरोपला अमेरिकेकडून पक्के, आपोआप लागू होणारे वचन हवे होते. अमेरिकी राज्यघटनेनुसार मात्र युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे. हा अधिकार एखाद्या कराराने गहाण टाकण्यास सिनेट तयार नव्हती. त्यातून हा मधला मार्ग निघाला. कराराच्या अकराव्या कलमातही प्रत्येक देश आपापल्या घटनात्मक प्रक्रियेनुसारच वागेल, असे स्पष्ट केले गेले. मग सिनेटने जुलै १९४९ मध्ये ८२ विरुद्ध १३ मतांनी करार मान्य केला.

वचनाला भौगोलिक मर्यादाही आहे. सहाव्या कलमानुसार अटलांटिकमधील सदस्य देशांची कर्कवृत्ताच्या उत्तरेकडील बेटेच त्यात येतात. म्हणूनच १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटांवर सैन्य उतरवले, तेव्हा पाचव्या कलमाचा प्रश्नच आला नाही. प्रशांत महासागरातील हवाई हे अमेरिकेचे राज्य असूनही या व्याख्येबाहेर राहते.

शब्द इतके सैल, तर युरोप त्यावर विसंबला कसा?

गंमत अशी, की कागदावर याहून कडक वचने उपलब्ध आहेत. युरोपीय संघाच्या करारातील ४२ व्या कलमाचा सातवा परिच्छेद सदस्यांना आपल्या ‘सर्व शक्तीनिशी’ मदत करण्यास बांधतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसवरील दहशतवादी हल्ल्यांनंतर फ्रान्सने त्याचा आधारही घेतला होता. तरीही एस्टोनिया किंवा लिथुआनियाच्या संरक्षणाची चर्चा निघते, तेव्हा कोणी त्या परिच्छेदाकडे पाहत नाही. सर्वांची नजर नाटोच्या सैल कलमाकडे जाते. कारण वचनाची किंमत शब्दांवर ठरत नाही. ते पाळले जाईल असे समोरच्या शत्रूला वाटते का, यावर ती ठरते.

अमेरिकेने हे वाटणे निर्माण केले ते सैनिक युरोपात ठेवून. शीतयुद्धाच्या काळात तीन लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक युरोपात, त्यातही मुख्यत्वे पश्चिम जर्मनीत होते. अनेकांची बायकामुले तिथेच राहत होती. सोव्हिएत रणगाडे पश्चिमेकडे निघाले असते, तर पहिल्याच दिवशी अमेरिकी माणसे मेली असती आणि मग वॉशिंग्टनमधील कोणत्याही अध्यक्षाला ‘आवश्यक वाटेल ते’ या शब्दांचा सोयीचा अर्थ लावता आला नसता. नाटोच्या युरोपातील फौजांचा सर्वोच्च सेनापती १९५१ मधील ड्वाइट आयझेनहॉवर यांच्यापासून कायम अमेरिकी अधिकारीच राहिला, हाही याच हमीचा भाग होता. सगळ्यांच्या पाठीशी अमेरिकेची अण्वस्त्रे होतीच.

तरीही शंका होतीच. पॅरिससाठी तुम्ही न्यूयॉर्क पणाला लावाल का, असा प्रश्न फ्रान्सचे अध्यक्ष शार्ल द गॉल यांनी १९६१ मध्ये जॉन केनेडी यांच्यापुढे ठेवला होता. त्यांना मिळालेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही. फ्रान्सने स्वतःची अण्वस्त्रे उभी केली आणि १९६६ मध्ये नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून अंग काढून घेतले. नाटोचे मुख्यालय पॅरिसहून ब्रसेल्सला हलवावे लागले. फ्रान्स त्या रचनेत परतला तो थेट २००९ मध्ये.

हे कलम प्रत्यक्षात कधी वापरले गेले?

आजवर फक्त एकदा, आणि तेही अमेरिकेसाठी. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर दुसऱ्याच दिवशी नाटोने पाचव्या कलमाची घोषणा केली. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होते ते अमेरिकेने युरोपच्या मदतीला धावण्याचे चित्र. घडले उलटे. ऑक्टोबर २००१ ते मे २००२ या काळात नाटोची सात टेहळणी विमाने अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती. १३ देशांच्या ८३० कर्मचाऱ्यांनी ३६० हून अधिक उड्डाणे केली.

पुढे अफगाणिस्तानातील आंतरराष्ट्रीय फौजेची सूत्रे २००३ मध्ये नाटोकडे आली. डेन्मार्कसारख्या तेव्हा साठ लाखांहून कमी लोकसंख्या असलेल्या देशाने तिथे ४३ सैनिक गमावले. ब्रिटनचे साडेचारशेहून अधिक सैनिक मारले गेले. युरोपने अमेरिकेसाठी काय केले, हा प्रश्न वॉशिंग्टनमधून विचारला जातो, तेव्हा युरोपीय राजधान्यांत या आकड्यांची आठवण काढली जाते.

मग विश्वासाला तडा कुठे गेला?

तक्रार जुनी आहे आणि ती मुख्यतः पैशांची आहे. शीतयुद्ध संपल्यावर युरोपीय देशांनी संरक्षणखर्च कमी करत नेला आणि वाचलेला पैसा अन्यत्र वळवला. अमेरिकी करदात्याने हा भार किती काळ वाहायचा, हा प्रश्न बराक ओबामा यांच्या काळातील संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी २०११ मध्ये ब्रसेल्समध्ये जाऊन स्पष्ट शब्दांत मांडला होता. रशियाने क्रिमिया बळकावल्यानंतर २०१४ च्या वेल्स परिषदेत सदस्यांनी दहा वर्षांत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्के खर्च संरक्षणावर करण्याचे ठरवले. त्या वर्षी ही पातळी गाठणारे देश होते केवळ तीन.

डोनाल्ड ट्रम्प यांनी या तक्रारीचा सूर बदलला. खर्च न करणाऱ्या देशांचे रशियाने हवे ते करावे, आपण उलट त्याला प्रोत्साहन देऊ, असे ते फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रचारसभेत म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये, शपथविधीच्या आधी, ग्रीनलँड मिळवण्यासाठी लष्करी बळाचा वापर करणार नाही अशी ग्वाही देण्यास त्यांनी नकार दिला. ग्रीनलँड हा डेन्मार्कच्या राज्याचा भाग आणि डेन्मार्क नाटोचा संस्थापक सदस्य. सदस्यानेच सदस्याला धमकावले तर काय, याचे उत्तर करारात नाही. जून २०२५ मध्ये नाटो परिषदेसाठी हेगला जाताना विमानात त्यांना पाचव्या कलमाबद्दल विचारले गेले, तेव्हा त्याच्या अनेक व्याख्या आहेत, असे उत्तर त्यांनी दिले. परिषदेत त्यांनी पाठिंब्याची ग्वाही दिली खरी. पण प्रश्न उरला.

अमेरिकी काँग्रेसने डिसेंबर २०२३ मध्ये एक कुंपण घातले आहे. सिनेटच्या दोन-तृतीयांश बहुमताशिवाय किंवा काँग्रेसच्या कायद्याशिवाय अध्यक्षांना अमेरिकेला नाटोतून बाहेर काढता येणार नाही. या तरतुदीसाठी पुढाकार घेणाऱ्यांत तेव्हाचे सिनेटर आणि नंतरचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ होते. हा कायदा अध्यक्षांना दार उघडून जाऊ देणार नाही. पण घरात बसूनच हात न हलवण्यापासून तो त्यांना रोखू शकत नाही. पाचव्या कलमाचे शब्द तशी मोकळीक देतातच.

व्यक्तीच्या पलीकडचे कारणही आहे. चीनचा सामना करण्यासाठी अमेरिकेला आपली शक्ती प्रशांत महासागराकडे वळवायची आहे. युरोपच्या सुरक्षेवर आम्ही प्रामुख्याने लक्ष देऊ शकत नाही, हे अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रसेल्समध्ये सांगितले. उद्या अध्यक्ष बदलला, तरी ही दिशा बदलेल असे नाही.

सुवाल्कीच्या चिंचोळ्या पट्ट्याची चर्चा का होते?

पोलंड आणि लिथुआनिया यांच्या सीमेवरील हा भाग पोलंडमधील सुवाल्की शहराच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या एका बाजूला कालिनिनग्राद हा रशियाचा मुख्य भूमीपासून तुटलेला प्रदेश आहे, तर दुसऱ्या बाजूला रशियाचा मित्र बेलारूस. दोहोंमधील सरळ अंतर सुमारे ६५ किलोमीटर. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया हे तीन बाल्टिक देश उर्वरित नाटोशी जमिनीने जोडलेले आहेत ते केवळ या पट्ट्याने. तो बंद झाला, तर मदत समुद्राने किंवा हवाई मार्गानेच पोहोचवावी लागेल.

त्यामुळे इथे जुनीच युक्ती पुन्हा वापरली गेली. २०१६ च्या वॉर्सा परिषदेतील निर्णयानुसार २०१७ पासून एस्टोनियात ब्रिटनच्या, लॅटव्हियात कॅनडाच्या, लिथुआनियात जर्मनीच्या आणि पोलंडमध्ये अमेरिकेच्या नेतृत्वाखाली बहुराष्ट्रीय तुकड्या तैनात झाल्या. एकेक तुकडी सुरुवातीला साधारण हजार सैनिकांची. रशियाचे मोठे आक्रमण थोपवणे एवढ्या सैनिकांना शक्य नाही. पण हल्लेखोराला पहिल्याच तासात अनेक देशांचे सैनिक मारावे लागतील, ही त्यांची खरी कामगिरी.

तरीही युरोपीय सेनाधिकाऱ्यांना अधिक भीती वाटते ती छोट्या घासाची. एस्टोनियातील नार्वा हे रशियाच्या सीमेवरील शहर बहुसंख्य रशियन भाषकांचे आहे. अशा ठिकाणी ओळख नसलेले सशस्त्र गट उतरले तर? डिसेंबर २०२४ मध्ये फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणाऱ्या समुद्राखालील वीजवाहिनीचे नुकसान झाले आणि फिनलंडने संशयावरून एक तेलवाहू जहाज अडवले. अशी घटना अपघात, घातपात की हल्ला, हे कोण ठरवणार? नाटोत निर्णय सर्वसहमतीने होतात आणि सदस्य आहेत ३२. पाचवे कलम पुढे केले आणि एखाद्याने मान हलवली नाही, तर वचनच पोकळ असल्याचे सिद्ध होईल. पोलंड आणि एस्टोनियाने सप्टेंबर २०२५ मध्ये चौथ्या कलमावर थांबणे पसंत केले, त्यामागे हाही हिशेब असू शकतो. हुकमाचे पान टाकले, की ते हातात राहत नाही.

युरोप आता काय करतो आहे?

युक्रेनवरील आक्रमणानंतर पिढ्यान्‌पिढ्या तटस्थ वा अलिप्त राहिलेले दोन देश नाटोत आले. फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये. फिनलंडची रशियाशी असलेली सीमा सुमारे १३४० किलोमीटरची आहे. हेगच्या परिषदेत सदस्यांनी २०३५ पर्यंत देशांतर्गत उत्पादनाच्या ५ टक्के खर्चाचे उद्दिष्ट ठेवले. त्यातील साडेतीन टक्के थेट संरक्षणावर, तर दीड टक्का रस्ते, पूल, सायबर सुरक्षा अशा पूरक गोष्टींवर. स्पेनने मात्र आपल्याला सुमारे २.१ टक्के पुरेसे आहेत, अशी भूमिका घेतली. रशियापासून अंतर जितके जास्त, तितकी घाई कमी, हे युरोपातील जुनेच चित्र आहे. पोलंड आधीच चार टक्क्यांहून अधिक खर्च करतो आहे.

सर्वांत मोठा बदल जर्मनीत झाला. कर्ज काढण्याबाबत कमालीचा कडक असलेल्या या देशाने मार्च २०२५ मध्ये राज्यघटना बदलून संरक्षणखर्च कर्जमर्यादेतून बऱ्याच अंशी मोकळा केला. लिथुआनियात सुमारे पाच हजार जणांची कायमस्वरूपी ब्रिगेड २०२७ पर्यंत उभी करण्याचे काम सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीने परदेशात असा कायमचा तळ प्रथमच उभारला आहे. एकेकाळी पश्चिम जर्मनीत अमेरिकी सैनिक आपल्या कुटुंबांसह जे काम करत होते, ते आता जर्मन सैनिक लिथुआनियात करणार आहेत.

पण पैसा ओतला म्हणजे लगेच बळ येते असे नाही. हेरगिरी करणारे उपग्रह, हवेत इंधन भरणारी विमाने, दूरवर सैन्य नेणारी वाहतूक, क्षेपणास्त्रभेदी यंत्रणा या बाबतींत युरोप अमेरिकेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. अण्वस्त्रांचा प्रश्न त्याहून अवघड. फ्रान्सकडे सुमारे २९० आणि ब्रिटनकडे सुमारे २२५ अण्वस्त्रे आहेत, तर रशियाकडे पाच हजारांहून अधिक. फ्रान्सच्या अण्वस्त्रांचे छत्र मित्रदेशांवर धरता येईल का, याची चर्चा अध्यक्ष इमॅन्युएल माक्राँ यांनी मार्च २०२५ मध्ये खुली केली. जुलैमध्ये फ्रान्स आणि ब्रिटन यांनी आपल्या अण्वस्त्रांबाबत समन्वय राखण्याचे जाहीर केले. मात्र द गॉल यांचाच प्रश्न आता फ्रान्सकडे वळून येतो. विल्निअससाठी फ्रान्स पॅरिस पणाला लावील का?

म्हणजे नाटो मोडणार का?

लष्करी युत्या सहसा समारंभाने मोडत नाहीत. त्या कागदावर राहतात आणि आतून रिकाम्या होतात. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या ‘सिएटो’ या आग्नेय आशियाई युतीत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्ससह आठ सदस्य होते. पाकिस्तान त्यांतला एक. आपली बांधिलकी फक्त साम्यवादी आक्रमणापुरती आहे, अशी पुस्ती अमेरिकेने करारालाच जोडली होती. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानला तिचा अर्थ कळला. मदतीला सैन्य येणे दूरच, अमेरिकेने भारताबरोबर पाकिस्तानचाही शस्त्रपुरवठा थांबवला. १९७१ नंतर पाकिस्तान या युतीतून बाहेर पडला आणि १९७७ मध्ये तीच गुंडाळली गेली.

नाटोची मुळे याहून कितीतरी खोल आहेत. एकत्रित सेनापतीपद, सामायिक सराव, एकमेकांना जुळणारी शस्त्रे आणि युरोपातील हजारो अमेरिकी सैनिक हे सारे जागेवर आहे. त्यामुळे अमेरिका कधी बाहेर पडेल, यापेक्षा अमेरिकी हमीची जागा युरोपची स्वतःची ताकद किती वेगाने भरून काढते, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. मधली काही वर्षे जोखमीची आहेत.

युक्रेनच्या वाटाघाटींतही हाच मुद्दा आहे. डिसेंबर १९९४ च्या बुडापेस्ट करारनाम्यात युक्रेनने आपल्या भूमीवरील सोव्हिएत अण्वस्त्रे सोडली आणि बदल्यात अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी त्याच्या सीमांचा आदर राखण्याची आश्वासने दिली. त्यामागे ना सैनिक होते, ना सेनापती. त्यामुळे युक्रेनला नाटोबाहेर ठेवून ‘पाचव्या कलमासारखी’ हमी देण्याची भाषा २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा कीव्हचा रोख शब्दांपेक्षा एकाच गोष्टीवर होता. कोणाचे सैनिक, किती आणि कुठे उभे राहणार?

भारतासाठी यात काय आहे?

१७ सप्टेंबर २०२५ रोजी रियाधमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी संरक्षण करार केला. एकावरील आक्रमण हे दोघांवरील आक्रमण मानले जाईल, हे त्यातील वाक्य थेट नाटोची आठवण करून देणारे आहे. ते वाचून भारतात चिंता व्यक्त झाली. पण अशा कराराचे वजन त्या वाक्यावरून जोखता येत नाही. कोणाचे सैन्य कुठे कायम राहते, संयुक्त नेतृत्व आहे का, संकटात कोण किती किंमत मोजायला तयार आहे, हे पाहावे लागते.

याची उलट बाजू भारताने स्वतः अनुभवली आहे. ९ ऑगस्ट १९७१ च्या भारत-सोव्हिएत मैत्री कराराच्या नवव्या कलमात हल्ल्याच्या प्रसंगी तातडीने सल्लामसलत करून परिणामकारक पावले उचलण्यापुरतेच वचन होते. शब्दांच्या मोजपट्टीने ते नाटोच्या पाचव्या कलमापेक्षा चौथ्या कलमाच्या जवळचे होते. तरी त्या डिसेंबरात सोव्हिएत संघाने सुरक्षा परिषदेत भारताच्या बाजूने नकाराधिकार वापरला आणि अमेरिकेचे सातवे आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्यावर सोव्हिएत नौदलाची जहाजेही हिंदी महासागरात आली. मऊ शब्दांमागे त्या वेळी ठोस स्वार्थ आणि इच्छाशक्ती होती. पोलंड, एस्टोनिया आणि लिथुआनिया आज वॉशिंग्टनकडे पाहताना नेमके हेच तपासत आहेत.